म्हातारपणाची पुंजी कुणाच्या नावावर?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा लेख मागितला तेव्हा त्यांच्या मनात लसीकरण, मुलांची भूक किंवा परीक्षेच्या दिवसांतील आहार यांपैकी एखादा विषय असावा. बालरोगतज्ज्ञाकडून तीच अपेक्षा असते. मी विषय सांगितला तेव्हा सचिव क्षणभर थांबले आणि म्हणाले, "डॉक्टर, आपल्या स्मरणिकेत हे शोभेल का?" शोभणार नाही याची मलाही कल्पना आहे. परंतु आपल्या परिचयातील किती डॉक्टर दांपत्ये गेल्या काही वर्षांत विभक्त झाली हे आपण सारे जाणतो. लग्नसमारंभात त्याची कुजबुजही करतो. त्या विभक्त होण्यात ज्या एका गोष्टीचा हिशेब बहुधा कधीच नीट होत नाही, तिच्याविषयी मात्र कुणी बोलत नाही. ती गोष्ट म्हणजे उतारवयासाठी नवरा-बायकोने मिळून साठवलेला पैसा.

या प्रश्नाशी माझी गाठ पडली ती माझ्या तपासणीच्या खोलीत. कंग्राळीच्या एक आजी आपल्या दहा वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. "पोट दुखतंय म्हणती, काय खाईनाच झालीय बघा डॉक्टर," हे त्यांचे गाऱ्हाणे. महिनाभरात ही तिसरी खेप होती. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सारे तपासून झाले होते आणि सारे निर्दोष होते. अशा वेळी बालरोगतज्ज्ञाने औषधाची चिठ्ठी बाजूला ठेवून घरची चौकशी करायची असते. मी मुलीला विचारले, घरी कोण कोण असते? ती म्हणाली, "आई, आजी आणि मी. बाबा हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर राहतात."

आई-वडील दोघेही डॉक्टर आणि दोघेही माझ्या परिचयाचे. वडील महाविद्यालयात मला कितीतरी वर्षांनी कनिष्ठ. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत, ज्यांना ओळख पटेल त्यांनी ती स्वतःपाशीच ठेवावी.) लग्नाला एकोणीस वर्षे झालेली. भांडणाची कारणे काय होती ती मला ठाऊक आहेत, पण या लेखाशी त्यांचा संबंध नाही. दोघांनी परस्परसंमतीने वेगळे व्हायचे ठरवले होते आणि वकिलाकडे जाण्यापूर्वी एखाद्या वडीलधाऱ्यासमोर बसावे, या विचाराने एका रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले.

त्याने आपला प्रस्ताव एका कागदावर लिहून आणला होता. राहते घर तिच्या नावे, मुलगी तिच्यापाशी, मुलीच्या शिक्षणाचा खर्च त्याच्याकडे, आणि दोन वर्षे घरखर्चासाठी ठरावीक रक्कम. वाचून मला तो उदार वाटला. मी तसे बोलूनही दाखवले. "घर मिळते आहे, मुलगी तुमच्यापाशी आहे, शिवाय तुम्ही स्वतः डॉक्टर आहात. याहून अधिक काय हवे?" असे मी तिला विचारले. आज ते वाक्य आठवले की मला संकोच वाटतो.

ती शांतपणे म्हणाली, "सर, साठाव्या वर्षी मी काय करू?"

तिचा प्रश्न समजायला मला थोडा वेळ लागला. ती बीएएमएस आहे. लग्नानंतर दोन वर्षे तिने स्वतंत्र दवाखाना चालवला. पुढे नवऱ्याचे रुग्णालय उभे राहिले आणि तिचा दवाखाना बंद झाला. रुग्णालयाच्या कर्जासाठी बँकेत खेटे तिने घातले, परिचारिकांच्या पाळ्या तिने लावल्या, औषध दुकानाचा हिशेब, विजेचे बिल, रात्री-अपरात्री आलेल्या रुग्णाच्या नातलगांना धीर देणे, हे सारे तिचे. पहिले सोनोग्राफी यंत्र घेताना तिच्या पाटल्या आणि गोठ मोडले गेले. या साऱ्याचा पगार म्हणून तिला काही मिळाले नाही, आणि पगार नसल्यामुळे भविष्यनिर्वाह निधीही नाही. एकोणीस वर्षांनी तिच्या नावावर एक बचत खाते, उरलेले दागिने आणि एका कुटुंब-ठेवीतील दुसरे नाव, एवढेच होते.

त्याच्या नावावर मात्र सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी म्हणजे आपले पीपीएफ, आयुर्विम्याच्या चार पॉलिसी, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील खाते, म्युच्युअल फंड आणि रुग्णालयाची इमारत होती. यात त्याने काही लपवले होते असे नाही. उत्पन्न त्याचे, म्हणून करबचत त्याच्या नावे, म्हणून गुंतवणूक त्याच्या नावे. दरवर्षी मार्च महिन्यात आपले सनदी लेखापाल फोन करतात आणि आपण धनादेश लिहितो. वीस-पंचवीस मार्च महिने असे सरले की एकाच्या नावावर डोंगर उभा राहतो आणि दुसऱ्याच्या नावावर सपाटी.

आकडा सांगितल्याशिवाय याचे गांभीर्य लक्षात येत नाही. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाख रुपये भरले आणि ७.१ टक्के व्याज धरले तर १५ वर्षांनी सुमारे ४० लाख ६८ हजार रुपये होतात. हे एक खाते झाले. घराच्या किमतीपुढे कुणाला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण घराचा कर भरावा लागतो, पावसाळ्यापूर्वी कौले आणि गच्ची पाहावी लागते, आणि घर विकल्याखेरीज त्यातून औषधाचा खर्च निघत नाही. विभक्त होताना बाईला घर देऊन पुरुषाने पुंजी स्वतःकडे ठेवायची, ही वाटणी आपल्याकडे न्याय्य समजली जाते, कारण घर डोळ्यांना दिसते. पुंजी पासबुकात असते आणि पासबुक कपाटात असते.

आपल्या व्यवसायातील आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, जरी ती सांगताना काही मित्र नाराज होतील. कित्येक रुग्णालयांत करभार विभागावा म्हणून पत्नीला 'व्यवस्थापक' किंवा 'सल्लागार' दाखवून तिच्या नावे उत्पन्न लिहिले जाते. विवरणपत्रावर सही तिची, पैसा मात्र रुग्णालयाच्याच खात्यात फिरून येतो. पुढे प्रकरण न्यायालयात गेले की हीच विवरणपत्रे तिच्यासमोर ठेवली जातात, "हिला तर स्वतःचे उत्पन्न आहे" असे म्हणून. जे उत्पन्न तिने कधी हाताळले नाही, तेच तिची पोटगी कमी करण्याचा आधार ठरते.

त्या रविवारनंतर मी कायदा समजून घेण्याचा प्रयत्न केला. माझे बेळगावचे एक वकील मित्र आहेत, त्यांनी तीन संध्याकाळी माझ्यासाठी खर्च केल्या. मी वकील नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पण डॉक्टरला समजेल अशा भाषेत मला जे उमगले ते असे.

आपल्याकडे हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या २५ व्या कलमात कायमस्वरूपी पोटगीची तरतूद आहे, आणि ती नवरा किंवा बायको कुणीही मागू शकते. २७ व्या कलमात विवाहाच्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंविषयी न्यायालय आदेश देऊ शकते. स्त्रीधन तर स्त्रीचेच असते. परंतु संसाराच्या काळात जे कमावले, जे साठवले, ते दोघांचे मानून त्याची वाटणी करावी, असे या कायद्यात कुठेही नाही. ज्याच्या नावावर खाते, त्याची मालमत्ता. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही.

पोटगी मिळते ना, मग फरक काय, असे कुणी विचारील. फरक मोठा आहे. पोटगी गरज पाहून दिली जाते. वाटा हक्काने मिळतो. पोटगी मागणाऱ्याला आपली असहायता सिद्ध करावी लागते, आणि जी बाई हिमतीने पुन्हा दवाखाना सुरू करते तिची पोटगी त्या हिमतीमुळेच घटू शकते. पुनर्विवाह केला तर न्यायालय ती रद्द करू शकते. आपल्या वाट्याच्या मालमत्तेचे तसे नसते. ज्या स्त्रीने एकोणीस वर्षे राबून एक संस्था उभी केली तिने उतारवयात 'गरजू' म्हणून उभे राहावे, हे मला एक डॉक्टर म्हणून नव्हे, त्या संस्थेत रुग्ण पाठवणारा माणूस म्हणून खटकले.

कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. विवाहविषयक कायद्यांच्या दुरुस्तीचे विधेयक २०१० मध्ये मांडले गेले. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले ते विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये संमत केले, आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बुडाले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये २१ व्या विधी आयोगाने कौटुंबिक कायद्यांवरील आपल्या टिपणात विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची मानावी अशी दिशा सुचवली. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका निकालात असे म्हटले की गृहिणीने घर सांभाळले म्हणून पतीला कमावता आले, तेव्हा पतीच्या नावे घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा आहे. निकाल महत्त्वाचा, पण तो आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायमस्वरूपी पोटगी ठरवताना विचारात घ्यायच्या गोष्टी सांगितल्या. त्यांत कुटुंबासाठी सोडलेली नोकरी ही एक आहे. एवढा आधार आज हाती आहे.

आता सीमाभागातील माणसाला एक गोष्ट विशेष चमत्कारिक वाटेल. कंग्राळीहून निघून जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाट उतरला की आपण गोव्यात पोहोचतो. तीन तासांचा रस्ता. आपल्या भागातील कितीतरी मुली तिकडे दिल्या आहेत आणि तिकडचे रुग्ण आपल्या रुग्णालयांत येतात. घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली वैवाहिक मालमत्तेचा कायदा मात्र अगदी निराळा आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही १९६२ च्या कायद्याने ती कायम ठेवली गेली. तिच्यानुसार विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता ढोबळमानाने सामाईक होते आणि विभक्त होताना तिचे दोन अर्धे भाग होतात. एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातही या दांपत्यांसाठी ५-अ हे स्वतंत्र कलम घालावे लागले, ज्यानुसार पगार सोडून अन्य उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले जाई. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की गोव्यातील अधिवासी माणसाची मालमत्ता भारतात अन्यत्र असली तरी तिचा वारसा याच संहितेने ठरेल.

गोव्याच्या व्यवस्थेत सारे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. कागदावरचा अर्धा वाटा पदरात पाडून घेताना तिकडच्या बायकांनाही वर्षे घालवावी लागतात. परंतु तेथे चर्चेला सुरुवात 'अर्धे-अर्धे' या शब्दांनी होते, आणि आपल्याकडे 'किती देणार?' या शब्दांनी. आपली एक लेक गोव्यातील घरात पडते, दुसरी चंदगडला किंवा निपाणीला पडते. दोघींनी सारखेच कष्ट उपसले तरी संसार मोडला तर दोघींच्या पदरात पडणारे माप सारखे नसते.

परदेशातील आपले वर्गमित्र याबाबतीत आणखी पुढची गोष्ट सांगतात. माझ्या एका वर्गभगिनीचा घटस्फोट इंग्लंडमध्ये झाला. तिचा नवरा तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत होता. इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्याने निवृत्तिवेतनाची विभागणी मान्य केली आणि १ डिसेंबर २००० पासून ती अमलात आली. न्यायालय निवृत्तिवेतनाचे रोख मूल्य काढायला लावते आणि त्यातील ठरावीक टक्के थेट दुसऱ्या जोडीदाराच्या नावे वळवते. तिला मिळालेला भाग तिच्या स्वतःच्या नावाने त्याच योजनेत नोंदला गेला. नवरा उद्या जगला, वारला, पुन्हा लग्न केले, तिच्या निवृत्तिवेतनाला त्याचे सोयरसुतक नाही. जर्मनीत ही पद्धत १९७७ पासून आहे. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने नोकरीतील निवृत्तिनिधीतून घटस्फोटित जोडीदाराला थेट वाटा देणारा न्यायालयीन आदेश शक्य झाला. त्या देशांत घर आणि निवृत्तिनिधी या दोन मोठ्या मालमत्ता समजल्या जातात आणि दोन्हींचे मूल्यमापन झाल्याखेरीज समझोत्यावर सही होत नाही.

आपल्याकडे असा आदेश देण्याची सोयच नाही. उलट, आपले निधी बाहेरच्या कुणालाही हात लावता येऊ नये अशा रीतीने बांधलेले आहेत. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी घ्या, ग्रॅच्युइटी घ्या किंवा पीपीएफ घ्या, या रकमांवर जप्ती आणता येत नाही. हेतू चांगला होता: सावकाराने आणि धनकोने कामगाराची म्हातारपणाची भाकरी हिसकावू नये. पण ज्या तटबंदीने सावकाराला बाहेर ठेवले तीच बायकोलाही बाहेर ठेवते. पीपीएफचे खाते दुसऱ्याच्या नावे वर्ग होत नाही आणि दोघांच्या नावे संयुक्तही काढता येत नाही. (पोटगीच्या थकबाकीसाठी पगाराचा काही भाग जप्त होऊ शकतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये निवृत्तिवेतनाविषयीही पत्नीच्या बाजूने निकाल दिला आहे. पण ही थकलेल्या पोटगीची वसुली झाली, वाटणी नव्हे.)

म्हणून आपल्या देशात निधी कापून वाटता येत नाही. त्याचे मूल्य काढून दुसऱ्या मालमत्तेतून भरपाई करावी लागते. आणि ती भरपाई कायदा आपणहून करून देत नसल्यामुळे ती परस्परसंमतीच्या तडजोडनाम्यातच लिहावी लागते. माझे वकील मित्र म्हणाले ते मला फार पटले: "डॉक्टर, तुमच्याकडे पेशंट आला की तुम्ही आधी वजन करता. आमच्याकडे माणसं वजन न करताच डोस ठरवतात."

वजन करण्याची सोय मात्र आता झाली आहे. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता, गुंतवणुकी आणि देणी यांचे तपशीलवार शपथपत्र द्यावे, असे बंधन घातले. त्या शपथपत्राचा नमुनाच निकालासोबत जोडला आहे. ज्यांना न्यायालयात भांडायचे नाही त्यांनीही तो नमुना घेऊन आपापल्या घरी भरावा, असे मला वाटते. आम्ही तेच केले. पुढच्या रविवारी ते दोघे पुन्हा आले आणि माझ्या जेवणाच्या मेजावर त्या दोघांचे कागद पसरले गेले.

ते पाहताना नवऱ्याचा चेहरा बदलत गेला. त्याला आपली एकूण पुंजी किती हे स्वतःलाही नीट माहीत नव्हते. "हे सगळं माझं आहे हे मला ठाऊक नव्हतं," असे तो म्हणाला. त्यावर ती काही बोलली नाही.

पुढे जे ठरले ते असे. घर तिच्या नावे, हे कायम राहिले. त्याच्या पीपीएफचे आणि निवृत्तिवेतन योजनेचे त्या दिवसाचे मूल्य काढले. ती खाती त्याच्याकडेच राहिली, पण म्युच्युअल फंडांचा मोठा भाग मोडून ती रक्कम तिच्या नावे करायचे ठरले. विम्याच्या दोन पॉलिसी तिच्या नावे हस्तांतरित झाल्या. विम्याच्या कायद्यात तशी सोय आहे. रुग्णालयाच्या इमारतीत तिला वाटा मिळाला नाही. कर्ज अजून फिटायचे होते आणि त्या मुद्द्यावर तो हटला नाही. त्याऐवजी दरमहा द्यायची रक्कम दोन वर्षांऐवजी तिच्या साठाव्या वर्षापर्यंत ठरली, आणि ती बुडू नये म्हणून इमारतीवर तिचा बोजा नोंदवला गेला. २५ व्या कलमात असा बोजा ठेवण्याची तरतूद आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मोडलेल्या सोन्याची रक्कम त्याने स्वतःहून यादीत लिहिली. तोलून पाहिले तर तिच्या वाट्याला अर्धे आले नाही. तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक आले असेल. ती त्यावर समाधानी आहे असे मी लिहिणार नाही. तिने सही केली.

या वाटणीत आम्ही एक चूक करता करता वाचलो, तीही सांगतो. रक्कम केव्हा हस्तांतरित करायची हा प्रश्न आम्ही 'नंतर पाहू' म्हणून सोडला होता. नवरा-बायकोने एकमेकांना दिलेल्या रकमेवर घेणाऱ्याला कर पडत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर मात्र ते नाते उरत नाही. तेव्हा काय केव्हा द्यायचे, ते कोणत्या कराराखाली द्यायचे, आणि त्या करारात 'वेगळे राहण्यासाठी' हे शब्द आहेत की नाहीत, हे सनदी लेखापालाला विचारूनच ठरवावे. वकील आणि लेखापाल एकाच दिवशी एकाच खोलीत बसवले तर खर्च वाढतो, पण नंतरचा मनस्ताप वाचतो.

आपल्या सभासदांत कित्येकांनी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली विमा काढलेला असतो. धनको त्याला हात लावू शकत नाहीत म्हणून आपण तो घेतो. अशी पॉलिसी म्हणजे पत्नी व मुले यांच्यासाठी केलेला न्यास असतो. ती नंतर मनात आले म्हणून परत आपल्या नावे फिरवता येत नाही. पॉलिसीवर पत्नीचे नाव घातले आहे की नुसते 'पत्नी' असे लिहिले आहे, यावरून पुढे वाद होतात. कपाटातून ती काढून एकदा वाचावी.

आणि वारस-नोंदी! घटस्फोट होऊन दहा वर्षे लोटली तरी बँकेत, विम्यात, भविष्यनिर्वाह निधीत पूर्वीच्याच जोडीदाराचे नाव राहिलेले मी पाहिले आहे. त्याच्या उलट, दुसरे लग्न झाले आणि पहिल्या संसारातील मुलांची नावे गळाली, असेही पाहिले आहे. सरकारी नोकरीतील डॉक्टरांसाठी हा प्रश्न आणखी नाजूक आहे. कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. त्यापूर्वीच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन असते आणि ते जोडीदाराकडे जाते. घटस्फोटानंतर तो हक्क संपतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना एक मुभा दिली: घटस्फोटाचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा खटला चालू असताना पतीऐवजी मुलांना कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पुढे करता येते. केंद्रीय सेवेतील भगिनींनी याची माहिती करून घ्यावी.

आपल्या समाजात न्यायालयात जाणारी जोडपी त्या मानाने थोडीच. पुष्कळशी नुसती वेगळी राहतात. तो दवाखान्याच्या माडीवर, ती माहेरी किंवा मुलाकडे पुण्याला. लोकांना सांगताना "तिकडं नातवाला बघायला गेल्यात" असे म्हणायचे. अशा विभक्तपणात कायद्याच्या दृष्टीने नवरा-बायकोचे नाते अखंड असते आणि त्याचे परिणाम दोन्हीकडून होतात. त्याने मृत्युपत्र न करता डोळे मिटले तर ती पहिल्या वर्गाची वारस आहे. पण मृत्युपत्राने तो आपली स्वकष्टार्जित मालमत्ता दुसऱ्याला देऊ शकतो. ती स्वतः कमावत असेल आणि मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या मुलांबरोबर नवराही तिचा वारस ठरतो, मग पंधरा वर्षे त्याने तिचे तोंड पाहिलेले नसले तरी. एका शिक्षिकेच्या बाबतीत हे घडलेले मी जवळून पाहिले. तिची मुले हादरून गेली होती.

त्या दुसऱ्या रविवारी सारे गेल्यावर मेज आवरताना माझी पत्नी म्हणाली, "आता आपले कागद काढू या का?" मी हसलो, ती हसली नाही. तिनेही माझ्या रुग्णालयाचे पुस्तक तीस वर्षे सांभाळले आहे. तिच्या नावाचे पीपीएफ खाते मी २०१२ मध्ये उघडले होते, पहिली चार वर्षे पैसे भरले आणि पुढे विसरून गेलो. माझ्या स्वतःच्या खात्यात मात्र एकही वर्ष चुकले नव्हते. मुलांच्या लसीचा एक डोस चुकला तर मी पालकांना रागावतो.

बंद पडलेले खाते मुदतीच्या आत पुन्हा सुरू करता येते. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे किमान ५०० रुपये आणि ५० रुपये दंड भरावा लागतो. नवऱ्याने बायकोच्या खात्यात पैसे भरायला हरकत नसते, तिच्या खात्याची दीड लाखांची मर्यादा स्वतंत्र असते, आणि व्याज करमुक्त असल्याने ते माझ्या उत्पन्नात मिळवले गेले तरी बिघडत नाही. आम्ही दोघे मिळून गेलो. काउंटरवरच्या मुलीने कागद पाहिले, दंडाचा हिशेब केला आणि मला सही करायला पेन दिले. मग खाते कुणाचे आहे ते पाहून तिने पेन परत घेतले आणि माझ्या पत्नीच्या हाती दिले.

त्या नातीचे पोट अजून मधूनमधून दुखते. आजी पूर्वीसारख्या महिन्याला येत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी येतात. आईने मार्कंडेय नदीच्या अलीकडे एक गाळा भाड्याने घेऊन दवाखाना पुन्हा सुरू केला आहे, आणि तिच्या पाटीवर लग्नापूर्वीचे आडनाव आहे.